डिश बसवताना गच्चीच्या कोब्यात सात भोकं, आता आईच्या खोलीत ओल. काय करू?

तळजाई_पायथा (धागाकर्ती) | १४ जून, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. पुण्यात सहकारनगरला आमची तीन मजली जुनी सोसायटी आहे, आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर. एप्रिलमध्ये आईसाठी नवीन डीटीएच घेतलं. दोन मुलं आली, अर्ध्या तासाच्या आत काम आटपलं, टीव्हीवर चित्र दिसलं, त्यांनी ओटीपी मागितला आणि मी दिला. गच्चीवर जाऊन बघितलं नाही. भर दुपार होती आणि मला वाटलं चित्र आलं म्हणजे काम झालं.

परवा रात्री पहिला मोठा पाऊस झाला. सकाळी आईच्या खोलीत पंख्याच्या हुकाजवळ ताटाएवढी ओल आणि रंगाचे पोपडे खाली गादीवर. गच्चीवर गेले तर कोब्यात सात भोकं! चार भोकांत डिशची प्लेट आहे, तीन तशीच उघडी, कारण आधी त्यांनी ती तीन फूट अलीकडे बसवायला घेतली होती आणि समोर शेजारच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी आडवी आली म्हणून सरकवली असणार. उघड्या भोकांत पाणी भरलेलं. मी खराट्याची काडी घालून बघितली तर चार इंच तरी आत गेली. डिशचा पाईप हाताने हलतो. केबल गच्चीवर नुसती लोळतेय आणि खिडकीच्या स्लायडिंगच्या पट्टीतून आत घेतलीय, त्यामुळे ती खिडकी एप्रिलपासून पूर्ण लागतच नाही.

सोसायटीने मोठा खर्च करून अख्ख्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग केलं होतं. सेक्रेटरी काका म्हणतात भोकं तुमच्या डिशची, दुरुस्ती तुम्ही करा, आणि त्यांचं चूक आहे असं मला म्हणवत नाही. कंपनीला फोन केला तर पलीकडून विचारतात, सिग्नल येतोय ना मॅडम, मग तक्रार कशाची?

आई ८० वर्षांची आहे, तिची खोली बदलावी लागली, त्याचा मला फार त्रास होतोय. प्लीज सांगा, भर पावसात ही भोकं कशी बुजवायची, डिश कुठे हलवायची आणि हा खर्च कुणाकडून मागायचा?

---

वाटा_आणि_उतार | १४ जून, रात्री ११:३५

ताई, मी सिव्हिलमध्ये आहे, वॉटरप्रूफिंगची कामं करतो. आधी एक गोष्ट. व्हाइट सिमेंट आणून भोकावर थापू नका. बहुतेक लोक हेच करतात, दोन उन्हं लागली की कडेने केसाएवढी चीर पडते आणि पाणी परत आत.

ब्रिकबॅट कोबा म्हणजे काय ते समजून घ्या. स्लॅबवर विटांचे तुकडे उतारात लावतात, त्यात सिमेंटचा माल भरतात आणि वरून घोटून फिनिश देतात. पाणी अडवतो तो वरचा घोटलेला थर आणि कठड्याच्या पायाशी केलेला वाटा, म्हणजे कोपऱ्यातला गोलसर उतार. आतल्या विटा तर पाणी पितात. भोकातून गेलेलं पाणी तिथेच खाली उतरत नाही, विटांमधून आडवं फिरतं आणि स्लॅबला जिथे चीर किंवा पाईप किंवा हुक असेल तिथे बाहेर येतं. तुमच्याकडे ओल पंख्याच्या हुकाशी दिसली म्हणजे भोकं बरोब्बर त्याच्या वर असतीलच असं नाही. आणि पाऊस थांबल्यावरही दोन-तीन दिवस ठिबकत राहील, त्याने घाबरू नका.

आत्ता तात्पुरतं: उघडीप मिळाली की तीन उघड्या भोकांतलं पाणी फडक्याने टिपून काढा, त्यात एम-सील सारखं ओल्यावरही चालणारं इपॉक्सी पुटी दाबून भरा आणि वर ताडपत्री टाकून कडेने विटा ठेवा. चार बोल्टांना आत्ता हात लावू नका, ते काढले की आणखी चार भोकं उघडी. खरं काम पाऊस ओसरल्यावर.

मला या प्रकाराची मनापासून चीड आहे. वर्षाला अशी पाच-सहा घरं तरी बघतो. हजारो रुपयांचं काम दहा मिनिटांच्या ड्रिलने वाया जातं आणि ड्रिल मारणाऱ्याला आपण काय फोडलं हे माहीतच नसतं. त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

---

पडवीतून | १५ जून, सकाळी ७:१०

आमच्याकडे कोबा नाही, कौलं आहेत, पण गोष्ट तीच. गुहागर तालुक्यात घर. गेल्या मे महिन्यात डिश बसवायला एक जण आला, शिडी न लावता पडवीच्या कौलांवरनं चालत गेला. नऊ मंगलोरी कौलं फुटली. ती कौलं आता मिळत नाहीत हो, वडलांनी जुन्या घराची जपून ठेवलेली त्यातली लावली. डिश त्याने वाशाला स्क्रूने मारली. म्हटलं अरे लाकूड आहे ते, पावसात फुगेल, तर म्हणाला काय होत नाय.

जुलैत व्हायचं ते झालं. रिमझिम आली तरी चित्र चौकोन चौकोन होऊन अडकायचं. आजूबाजूच्या घरांत चालू, आमच्याकडे बंद. भातलावणीच्या दिवसांत संध्याकाळी घरात बसून बातम्या बघायच्या तर तेवढंही नाही. शिवाय समोर फणस. मे महिन्यात त्याच्या एका फांदीच्या खालनं जेमतेम दिसत होतं, पावसात पानं ओली होऊन फांदी खाली आली. झाड वाढतं, पानं भिजतात हे बसवणाऱ्याला कळायला नको का?

---

तपकीर_गल्ली | १५ जून, सकाळी ९:४८

मी टीव्ही आणि एरियलची दुरुस्ती ३४ वर्षं केली, आता निवृत्त. १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, मग पुण्याला सिंहगडावरच्या टॉवरवरून दिसायला लागलं आणि पेठांमधल्या वाड्यांवर एरियल उभे राहिले, सगळ्यांची तोंडं नैऋत्येला सिंहगडाकडे. आता त्याच गच्च्यांवर छत्र्या, म्हणजे डिश आहेत आणि त्या सगळ्या आग्नेयेकडे बघतात, कारण आपल्याकडची डीटीएचची उपग्रहं आपल्या पूर्वेला विषुववृत्तावर आहेत. दूरदर्शनच्या मोफत फ्री डिशचा ९३.५ अंश पूर्वेला, दुसरे ८३ ला, आणखी कुणाचा १०८ च्या जवळ. पुण्यातून ९३.५ चा उपग्रह दिशेने जवळपास १३२ अंशांवर आणि क्षितिजापासून साधारण ५९ अंश वर येतो. हे आकडे आधी काढता येतात, होकायंत्र तर आता प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे. टाकी आडवी येणार हे ड्रिल लावायच्या आधी दोन मिनिटांत कळलं असतं. तळजाई ताईंच्या गच्चीतली ती तीन भोकं पडायलाच नको होती.

वाईट काम तेव्हाही होतं, खोटं बोलणार नाही. एरियलची चपटी वायर लोखंडी पाईपला सुतळीने घट्ट आवळून बांधायचे, खरं तर ती पाईपपासून लांब धरायची असते. बूस्टर वर एरियलपाशी लावायचा सोडून खाली टीव्हीच्या मागे लावायचे, मग चित्राबरोबर मुंग्याही मोठ्या व्हायच्या आणि गिऱ्हाईक म्हणायचं बूस्टरच खराब. पण एरियल चुकला तर लगेच दिसायचं, चित्रात सावली पडायची, मुंग्या यायच्या, माणूस त्याच दिवशी परत बोलवायचा. डिजिटलमध्ये सिग्नल काठावर असला तरी चित्र स्वच्छच दिसतं. म्हणून उन्हाळ्यात केलेलं वाईट काम जूनपर्यंत लपून राहतं.

एक विनंती. जुने एरियल अजून गच्चीवर उभे असतील तर उतरवून घ्या. त्यांच्यावर आता काही येत नाही आणि खालचे पाईप आतून गंजून गेलेत. आमच्या चाळीत एक वादळात पडला, खाली कुणी नव्हतं म्हणून निभावलं.

---

कल्याण_स्लो | १५ जून, दुपारी १:२०

धाग्याला जोडूनच विचारते. आमच्याकडे निम्मी चॅनल दिसतात आणि निम्मी नाही. म्हणजे मराठी मालिका दिसतात, बातम्यांची अर्धी चॅनल गायब. पाऊस नसतानाही. तीनदा माणूस आला, एकदा एलएनबी (डिशसमोर दांडीवर असतो तो सिग्नल घेणारा डबा) बदलला, एकदा बॉक्स बदलला, प्रत्येक वेळी पैसे. दोन दिवस बरं चालतं आणि परत तेच. सातवा मजला, डिश गच्चीवर बाराव्यावर.

---

छत्रीवाला_बीड | १५ जून, रात्री ९:०५

नमस्कार. मी अकरा वर्षं हेच काम करतो. आधी फ्रँचायझीकडे होतो, आता स्वतःचं आहे. धागा सकाळपासून वाचतोय, काही ठिकाणी वाईट वाटलं पण लोकं बोलतायत ते खरं आहे.

कल्याणच्या ताई, तुमचा एलएनबी बहुतेक कधीच खराब नव्हता. बॉक्स केबलमधून एलएनबीला करंट पाठवतो, १३ व्होल्ट पाठवला की उभ्या लहरींची चॅनल येतात आणि १८ पाठवला की आडव्या लहरींची. मध्ये कुठे जॉइंट गंजला असला तर वर १८ च्या जागी कमी पोचतात आणि एलएनबी उभ्यावरच राहतो. मग निम्मी चॅनल गायब. दोन दिवस बरं का चालतं, तर कनेक्टर काढून परत लावताना गंज थोडा घासला जातो. बाराव्यावरून सातव्यापर्यंत केबल एकसंध आहे का ते बघा. माझी शंभर टक्के शंका जॉइंटवर आहे. वर एलएनबीचा कनेक्टर काढून आतली तांब्याची तार बघा, काळी किंवा हिरवी असली तर पाणी गेलंय. पाणी एकदा तारेभोवतीच्या जाळीत शिरलं की केबलच्या आतून खाली वाहत येतं, मी बॉक्सच्या मागच्या जॅकमधून थेंब पडताना बघितलेत. अशी केबल वाळवून चालत नाही, बदलायचीच.

आता आमची बाजू सांगतो, सफाई म्हणून नाही, पण कळावं म्हणून. बसवणाऱ्या पोराला पगार नसतो, एका कॉलमागे पैसे असतात, पेट्रोल त्याचं, ड्रिलचा बिट त्याचा. किटमध्ये मोजून केबल येते, माझ्या वेळी दहा मीटर होती. तीन मजली घराला दहा मीटर पुरत नाही. जादा केबलचे पैसे मागितले की गिऱ्हाईक म्हणतं कंपनीने फुकट सांगितलंय. मग तो आधीच्या डिशची जुनी केबल उचलतो आणि दोन तारा पिळून चिकटपट्टी मारतो. दिवसाला सात कॉल केले तर घर चालतं, सहाव्या घरी कोण ओळंबा लावणार. आणि ट्रेनिंग म्हणाल तर मला दोन दिवस मिळालं, त्यात बॉक्सचं सेटिंग आणि पॅक कसे विकायचे हेच जास्त होतं. स्लॅब, कोबा, वाटा हे शब्द मला एका गवंड्याने शिकवले, एका घरी मीच चूक केली त्यानंतर. त्या माणसाची माडी गळली होती. मी पैसे भरू शकलो नाही, पण चार दिवस त्याच्या गवंड्याच्या हाताखाली काम केलं.

---

स्पष्टवक्ता_नाशिक | १५ जून, रात्री ९:४०

पोटाची कारणं सगळ्यांनाच असतात. मी पैसे दिलेत, मला काम नीट हवं. यांना कुणी फटकारत नाही म्हणून हे चालतं.

---

छत्रीवाला_बीड | १५ जून, रात्री १०:१५

दादा, तुमचं बरोबर आहे, काम नीटच हवं. म्हणूनच सांगतो, फटकारायचं तर ओटीपी द्यायच्या आधी. ओटीपी दिला की कंपनीच्या कागदावर काम पूर्ण झालं, नंतर त्या पोराला परत पाठवायला कुणी बसलेलं नसतं.

ओटीपीच्या आधी त्याच्याबरोबर वर जा. पाईप हाताने जोरात हलवून बघा, हलला तर काम झालेलं नाही. पाईपला ओळंबा किंवा पाणसळ लावा, घरात नसेल तर फोनमध्येही मिळते. पाईप तिरका असला की डिश डावी-उजवी फिरवताना वर-खालीही होते आणि मग तो अंदाजाने कुठेतरी आवळून टाकतो. मग बॉक्सचं सिग्नलचं पान उघडायला लावा आणि स्ट्रेंथ नाही, क्वालिटी बघा. स्ट्रेंथ दुसऱ्याच उपग्रहाकडे तोंड असलं तरी दिसते. एक जण टीव्हीपाशी उभा करा आणि वर डिशच्या काठाला हाताने हळू दाबा, डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. कुठल्याही एका बाजूला दाबल्यावर क्वालिटी वाढत असेल तर डिश मधोमध लागलेली नाही, ती पहिल्या पावसात जाणार. नीट लागलेली असेल तर चारही बाजूंना दाबल्यावर कमीच होते. हे मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो.

आणि बोल्ट एकदम एका बाजूचा आवळू देऊ नका. थोडा हा, थोडा तो, क्वालिटी बघत बघत. सगळं बरोबर लावून शेवटच्या आवळण्यात डिश सरकते, हे फार वेळा होतं.

---

वाटा_आणि_उतार | १५ जून, रात्री १०:५०

छत्रीवाला भाऊ, तुमचा प्रतिसाद वाचून बरं वाटलं. तुम्ही गवंड्याच्या हाताखाली राहिलात हे मी विसरणार नाही.

---

तपकीर_गल्ली | १६ जून, सकाळी ८:३०

त्यांच्या त्या दाबून बघण्याला आकड्याचा आधार देतो. साठ सेंटीमीटरची छत्री साधारण तीन अंशांच्या पट्ट्यातच नीट ऐकते. मधल्या रेषेपासून दीड अंश सरकली की सिग्नल अर्धा. दीड अंश म्हणजे छत्रीचा एक काठ दुसऱ्याच्या मानाने दीड सेंटीमीटर पुढे-मागे झाला एवढंच, आणि उपग्रह आहे जवळजवळ ३६,००० किलोमीटरवर. पडवीतून यांच्या घरचा फुगलेला वासा दीड सेंटीमीटर सहज हलवेल. तळजाई ताई, तुमचा पाईप हाताने हलतोय म्हणजे वाऱ्यानेही हलतोय. अजून चित्र दिसतंय ते नशीब.

मोठ्या पावसात पाच-दहा मिनिटं चित्र जाणं वेगळं. ढगफुटीसारखा पाऊस मध्ये आला तर चांगल्यात चांगली लावलेली छत्रीही गप्प होते. शेजारपाजारच्या सगळ्यांचं एकदम गेलं तर पाऊस आणि फक्त तुमचं गेलं तर काम वाईट.

---

दुपारची_झोप | १६ जून, दुपारी ३:१२

हे वाचून मला आमचा किस्सा कळला! मार्चमध्ये चार-पाच दिवस रोज सकाळी अकरा-सव्वाअकराच्या सुमारास पाच-सात मिनिटं सगळं बंद व्हायचं, ऊन लख्ख. माणूस आला, म्हणाला एलएनबी गरम होतोय, बदलला, ४५० रुपये घेतले. दुसऱ्या दिवसापासून ठीक. मला वाटलं चांगला माणूस.

---

तपकीर_गल्ली | १६ जून, दुपारी ४:००

तो सूर्य होता हो. वर्षातून दोनदा, आपल्याकडे मार्चच्या मध्याआधी आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, काही दिवस सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि छत्रीला सूर्याचाच गोंगाट ऐकू येतो. काही मिनिटांत आपोआप सरकतो, काही दिवसांत संपतोही. काहीही बदलायचं नसतं. तुमचे ४५० रुपये फुकट घेतले याचं वाईट वाटतं. माणसाला माहीत नसेल तर अज्ञान, माहीत असेल तर लबाडी, आणि दोन्हीत खिसा तुमचाच.

---

लेस्टरहून | १६ जून, रात्री ११:२०

इकडे ब्रिटनमध्येही हा जुना आजार आहे. २००७ ते २०१२ मध्ये एकेक भाग करत ॲनालॉग टीव्ही बंद झाला, तेव्हा किती लोकांना, विशेषतः एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना, तुमचा एरियल डिजिटल नाही म्हणून नवीन विकले गेले. डिजिटल एरियल असं काही वेगळं नसतं, जुना चांगला असेल तर बहुतेकदा तोच चालतो. आमच्या शेजारच्या आजींना मी वेळेवर थांबवलं. तुमच्याकडे एचडी छत्री, फोर-के छत्री म्हणून विकतात ते तसलंच. पत्र्याला एचडी कळत नाही.

---

डबा_ऐसपैस | १७ जून, सकाळी १०:०५

तळजाई, सोपा उपाय. रंगाचा २० लिटरचा डबा घ्या, त्यात पाईप उभा करून काँक्रीट भरा. ४५-५० किलो होतं. गच्चीला एकही भोक नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये दोघांनी केलंय.

---

वाटा_आणि_उतार | १७ जून, दुपारी १२:४०

कल्पना बरोबर आहे, डबा अपुरा आहे. सांगतो का ते, कारण वरून पडलेली डिश खाली कुणाच्या डोक्यात जाऊ शकते.

आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात वाऱ्याचा मूळ वेग पुण्यासाठी सेकंदाला ३९ मीटर धरलाय, मुंबईसाठी ४४. पुण्याच्या वेगाने साठ सेंटीमीटरच्या डिशवर सुमारे ३५ किलोचा जोर येतो. डिश जमिनीपासून अडीच फुटांवर असेल तर डब्याचा पाया जेमतेम एक फूट रुंद, तो जोर डबा सरळ आडवा करेल, ५० किलो असला तरी. वजनाबरोबर रुंदी लागते. तीन फूट बाय तीन फूट लोखंडी अँगलची चौकट करा, मधोमध पाईप दीड-दोन फुटांचाच ठेवा, चौकटीच्या चारी कोपऱ्यांत काँक्रीटचे ब्लॉक किंवा फरशा मिळून शंभर किलो. खाली रबराची जाड चटई, म्हणजे कोब्यावर घासणार नाही आणि पाणी खालून वाहून जाईल. चौकट पाण्याच्या उताराला आडवी ठेवू नका.

याहून चांगलं, जागा असेल तर, जिन्याच्या खोलीची उभी भिंत. उभ्या भिंतीतल्या भोकात पाणी साचत नाही. भोक मारताना बिट किंचित वरच्या दिशेला धरायचा, म्हणजे भोकाचा उतार बाहेर राहतो. केबल आत घ्यायची असेल तिथेही हाच नियम. उतार आत राहिला की केबल पाण्याला रस्ता दाखवत घरात आणते. आणि कठडा अर्ध्या विटेचा असेल तर त्याला डिश लावूच नका, वाऱ्याने भिंत ढिली होते.

---

कल्याण_स्लो | १९ जून, रात्री ८:५५

छत्रीवाला भाऊ, तुमचे किती आभार मानू. आज इथल्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियनबरोबर मी स्वतः गच्चीवर गेले. बाराव्या ते सातव्या मजल्यात तीन जॉइंट! एक डक्टमध्ये, नुसता पिळलेला, वर पारदर्शक चिकटपट्टी, आत हिरवं पडलेलं. एक लिफ्टच्या खोलीमागे. सगळी केबल बदलली, एकसंध ३० मीटर, नवीन कनेक्टर, १,४०० रुपये. सगळी चॅनल आली. आधीचे एलएनबी, बॉक्स आणि तीन भेटी मिळून २,१०० गेले होते. डक्टमधला जॉइंट कुणी उघडूनसुद्धा बघितला नाही.

---

छत्रीवाला_बीड | १९ जून, रात्री ९:३०

छान झालं ताई. वरच्या कनेक्टरला सेल्फ बाँडिंगची रबरी टेप मारलीय का? साधी इलेक्ट्रिकची काळी टेप उन्हात वर्षभरात सुटते. टेप खालून वर गुंडाळत जायची, कौलं घालतात तसं, वरचा वेढा खालच्यावर आला पाहिजे. आणि विजा चमकत असल्या की बॉक्सची केबल मागून काढून ठेवत जा, बाराव्या मजल्यावरची डिश आहे.

---

पडवीतून | २० जून, सकाळी ६:५०

आम्ही वाशावरनं डिश काढली. अंगणात विहिरीच्या बाजूला जमिनीतच दोन फूट खड्डा काढून पाईप काँक्रीटमध्ये उभा केला, आता फणस वाटेत येत नाही. गावातल्याच पोराने लावली, वरचं वाचून दाखवलं त्याला, त्याने काठ दाबून बघितला. रात्री जोराची सर आली तरी बातम्या पुऱ्या बघितल्या. वडील खूश आहेत. केबल जमिनीखालनं पाईपातनं घेतली, उंदरांचं काय होतं ते बघू.

---

तळजाई_पायथा (धागाकर्ती) | ६ जुलै, रात्री १०:१५

उशिरा लिहितेय, पण सगळं सांगते.

१७ तारखेला उघडीप मिळाली तेव्हा तीन भोकं पुटीने भरली आणि ताडपत्री टाकली. ठिबकणं चौथ्या दिवशी थांबलं, वाटा यांनी सांगितलं होतं तसंच. त्यानंतरच्या पावसात नवीन ओल नाही, जुनी मात्र अजून पुसट दिसते.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली, भोकांचे फोटो, ओलीचे फोटो, बसवल्याची तारीख सगळं जोडलं. एप्रिलमधला गच्चीचा फोटो माझ्याकडे नव्हता, तो असता तर जास्त जोर आला असता. सगळ्यांना सांगते, कुणीही ड्रिल घेऊन आलं की आधी जागेचा फोटो काढा. तक्रारीनंतर आठवड्याने कंपनीचा फोन आला आणि या वेळी आवाज बदललेला होता. डिश फुकट दुसरीकडे लावून देऊ म्हणाले, वॉटरप्रूफिंगच्या खर्चाबद्दल ‘वर विचारतो’. अजून विचारतायत. तक्रार मी बंद करू दिलेली नाही.

२ जुलैला एक मुलगा आला, वयाने फार लहान. मी त्याच्याबरोबर वर गेले. त्याला जिन्याच्या खोलीची भिंत दाखवली, फोनवर पाणसळ उघडून दिली. तो आधी गोंधळला, मग म्हणाला, मॅडम मला हे कुणी सांगितलंच नव्हतं, आणि मन लावून केलं. दीड तास लागला. भिंतीत आग्नेयेकडे तोंड करून डिश, पाईप सरळ, क्वालिटी ९० च्या वर, चारही बाजूंना दाबून बघितली. केबल नवीन, तिचे जादा पैसे मी आनंदाने दिले. खिडकी आता पूर्ण लागते. चहा घेऊन गेला, जाताना मी त्याला या धाग्याची लिंक दिली.

जुने चार बोल्ट जागेवरच कापून त्यावर पुटी आणि ताडपत्री. ऑक्टोबरमध्ये तेवढ्या भागाचा कोबा उकरून नवीन करायचा, अंदाज ११,५०० रुपये सांगितलाय. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी स्वतःच ठराव मांडला की यापुढे गच्चीवर काहीही बसवायचं तर सेक्रेटरींना कळवून आणि आडव्या भागात भोक नाहीच. सगळ्यांनी मान्य केला. आमच्याशिवाय आणखी पाच डिश आहेत, त्यातल्या तीन कोब्यातच आहेत हे तेव्हा कळलं.

आई अजून पुढच्या खोलीतच झोपते, पण तिचा टीव्ही तिच्या खोलीत परत लावलाय.

---

वाटा_आणि_उतार | ६ जुलै, रात्री १०:४०

उत्तम. त्या बाकीच्या तीन डिशच्या बोल्टांच्या भोवतीही ऑक्टोबरमध्येच करून घ्या, एकाच कामात स्वस्त पडेल. उकरताना विटा आतून ओल्या लागल्या तर त्या काढा, तशाच दाबून वर माल घालू देऊ नका.

---

छत्रीवाला_बीड | ७ जुलै, सकाळी ७:२५

ताई, भिंतीतून केबल आत जाते तिथे भोकाच्या आधी केबलला खाली एक झोळ दिलाय का? नसेल तर पाणी केबलवरून घरंगळत सरळ भोकात येईल. झोळ दिला की ते तिथूनच खाली टपकतं.

---

तळजाई_पायथा (धागाकर्ती) | ७ जुलै, सकाळी ८:०२

नव्हता दिलेला. आत्ताच वर जाऊन वीतभर झोळ सोडला आणि क्लिप खाली मारली. पाऊस चालूच होता, थेंब तिथूनच खाली पडताना दिसले.